अर्ध्या तासाचं तेलपाणी

लग्नात मी अक्षता टाकायला उभा असतो आणि मागून कोणीतरी कानाशी येतं, "मनोहरभाऊ, एक विचारू का? डिझेलची गाडी झटपटवाल्याच्या हवाली करावी का?" एकदा तर खुद्द नवरदेवाच्या मामानं, अंतरपाट धरलेला असताना, हा सवाल टाकला. तेरवीच्या पंगतीतही मला हे विचारून झालं आहे. मी मठ्ठ्याचा द्रोण खाली ठेवून उत्तर दिलं, कारण धंद्याचा विषय निघाला की मला दुःख आवरतं.

हा प्रश्न मला विचारणं म्हणजे दुधाचं भांडं कुणाकडं ठेवू असं मांजराला विचारणं. अकोल्यातला पहिला झटपटवाला मीच. निदान मी तरी लोकांना तसंच सांगत आलो आहे आणि अजून कोणी भांडायला आलेलं नाही.

मूर्तिजापूरच्या रस्त्याला, गावाबाहेर, माझा खड्डा होता. खड्डा म्हणजे खरोखरच खड्डा. विटांनी बांधलेला, पुरुषभर खोल. ट्रक त्याच्यावर येऊन उभा राहायचा, आम्ही खाली उतरायचो आणि गाडीच्या पोटाखालचा बूच काढून जुनं तेल सोडायचो. ते गळेपर्यंत एक माणूस वंगणाचा पिचकारा घेऊन सगळे सांधे भरायचा. मग बूच लावायचा, गाळणी बदलायची, नवं तेल ओतायचं. यालाच आमच्याकडं तेलपाणी म्हणतात. मी पाटी लावली होती, "अर्ध्या तासात तेलपाणी. चहा आमचा." शेजारच्या गंगूबाईच्या हॉटेलाशी चहाचं ठरवलं होतं. बाभळीला शाळेची असते तशी पितळी घंटा टांगली होती. गाडी खड्ड्यावर आली की एक ठोका, काम संपलं की तीन ठोके. गणपतीच्या नाटकांत मी वीस वर्षं तोंडाला रंग लावला होता. प्रेक्षकांशिवाय मला पानाही फिरवता येत नसे. ड्रायव्हर चहा पीत हातातल्या घड्याळाकडं बघत बसायचे, आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला मी खड्ड्यातून असा वर यायचो की जणू पाताळातून नागराजच प्रकटला.

त्या वेळी आमच्या भागात पेट्रोलचे ट्रक जाऊन डिझेलचे येत होते आणि लोकांना त्यांची रीत ठाऊक नव्हती. पेट्रोलच्या गाडीत तेल घातलं की ते बरेच दिवस मधासारखं दिसतं. डिझेलच्या गाडीत पाच-सात मैलांत डांबर होतं, कारण त्या इंजिनाची काजळी ते तेल आपल्या अंगावर घेतं. काळं झालं म्हणजे कामाला लागलं. पण हे सांगणार कोणाला? बार्शीटाकळीचा एक गाडीमालक तेलपाणी करून गेला, दोन तासांनी परत आला, तेल मोजायची काडी बाहेर काढली आणि त्या काळ्या तेलाचा टिळा माझ्या कपाळावर लावून म्हणाला, "घ्या. तुमचंच जुनं तेल तुमाले." मी टिळा पुसला नाही. त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा तेल बदललं, त्याच्याच शेजारी बसून गाडी त्याच्या गावापर्यंत नेली, काडी काढली आणि तसाच टिळा त्याच्या कपाळावर लावला. पुढं तो माझं कायमचं गिऱ्हाईक झाला.

दुसरा एक ड्रायव्हर होता, तो सगळं जुनं तेल काढूच देईना. "पावभर ऱ्हाऊ द्या जी. विरजण लागंन ना." दह्याचा न्याय त्यानं इंजिनाला लावला होता. मी पुष्कळ समजावलं. शेवटी त्यानं अर्धी वाटी जुनं तेल हट्टानं ठेवून घेतलंच, आणि पुढं प्रत्येक वेळी मला अभिमानानं सांगायचा की गाडी विरजणामुळंच चालते.

काढलेलं तेलही वाया जात नसे. कापसाच्या बंड्यावाले, म्हणजे बैलगाडीवाले, त्यासाठी रांग लावायचे. बंडीच्या आसाला ते घातलं की चाक कुरकुरत नाही. घराच्या लाकडाला फासलं की वाळवी लागत नाही. त्यामुळं माझ्या खड्ड्यापाशी कायम दोन-चार बंड्या उभ्या असायच्या. मला तेवढेच प्रेक्षक जास्त.

हे सगळं मी ज्या माणसाकडं शिकलो ते अमरावतीचे रहीम मिस्त्री. त्यांच्याकडं मी सात वर्षं होतो. हात सोन्याचा, पण चाल गोगलगायीची. तेल बदलायला आलेली गाडीही दोन दिवस उभी राहायची, कारण मिस्त्री आधी तिच्याभोवती फिरायचे, मग विडी पेटवायचे, मग इंजिन चालू करून डोळे मिटून ऐकायचे. "उस्ताद, नुसतं तेल बदलायचंय," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "अबे, पेशंट आया है. नाडी तो देखने दे." एक दिवस मला वीट आला. अकोल्यात खड्डा खणला आणि तीन वर्षं उस्तादांना तोंड दाखवलं नाही.

आता सुखदेव इंगळेची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय वरच्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा मला हक्क नाही.

सुखदेव दर्यापूरचा. बारा वर्षं दुसऱ्यांचे ट्रक हाकले. मग त्यानं आणि त्याच्या थोरल्या बहिणीनं मिळून एक जुना डिझेल ट्रक घेतला. बहीण शांताबाई तिथल्याच शाळेत शिक्षिका. घरात सहीपुरतं लिहिणारंही आधी कोणी नव्हतं आणि ही बाई पोरांना भूगोल शिकवत होती. ट्रकवर पुढच्या बाजूला तिनं स्वतःच्या अक्षरात 'जय भीम' लिहून घेतलं होतं. दिवाळीनंतरचा कापसाचा हंगाम तोंडावर आला होता आणि एका जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मॅनेजरनं दर्यापूरकडचा कापूस आणायला सुखदेवची गाडी कबूल केली होती. अट एकच. पुढच्या सोमवारी गाडी जिनाच्या फाटकात उभी पाहिजे. नसली तर दुसरी लावू. नव्या माणसाला, त्यातही इंगळ्यांच्या घरातल्याला, दुसरी संधी कोणी देणार नाही, हे त्या दोघांना न सांगता ठाऊक होतं.

हंगामाआधी तेलपाणी करायला ते माझ्याकडं आले. तो मंगळवार होता. मी एक ठोका दिला आणि खड्ड्यात उतरलो. शांताबाई चहाला बसल्या नाहीत. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक त्या घेऊन आल्या होत्या. पोरांच्या गृहपाठासारख्या त्यात खुणा केलेल्या.

"भाऊ, यात हवेच्या डब्याचं लिहिलंय," त्या खड्ड्याच्या काठावर वाकून म्हणाल्या. "गाळ काढून नवं तेल घाला म्हणतात."

हा हवेचा डबा काय ते सांगतो. इंजिनाला डिझेल लागतं तशी हवाही लागते, पोटभर. आणि आमच्या वऱ्हाडातली हवा म्हणजे उन्हाळी-हिवाळी काळ्या मातीचं पीठ. ते पीठ आत गेलं तर इंजिन आतून घासून निघतं. म्हणून हवा आधी एका डब्यातून जाते. डब्याच्या तळाला तेलाची वाटी असते. धूळ तेलात अडकून खाली बसते, हवा स्वच्छ होऊन पुढं जाते. वाटी खरवडून धुवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ही मिनिटं माझ्या अर्ध्या तासात नव्हती.

मी वाटी उघडून पाहिली. आत चार बोटं गाळ, काळ्या रानातून उचलून आणल्यासारखा. घंटेला चार मिनिटं उरलेली. बंड्यावाले बघत होते, गंगूबाई बघत होती. मी त्या गाळावरच नवं तेल काठोकाठ ओतलं आणि वाटी परत बसवली. खोटं बोलायचं तर अगदीच कोरडं नको, असा काहीतरी विचार मनात आला असावा.

"काढला का गाळ?" बाईंनी विचारलं.

"काढला ना बाई! आरशासारखी वाटी केली," मी कमरेत वाकून म्हणालो आणि तीन ठोके दिले. एकोणतिसावं मिनिट.

सुखदेवनं गाडी चालू केली, खड्ड्यावरून पुढं घेतली. बाईंना चढता यावं म्हणून थांबवली. आणि गाडी आपोआप मोठमोठ्यानं गुरगुरू लागली. मला वाटलं, याचा पाय पडला असेल. त्यानं पाय वर उचलून मला दाखवला. आवाज वाढतच गेला. त्यानं इंजिन बंद करायची दांडी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, दांडी हातात आली. मागून पांढरा-निळा धूर असा सुटला की बाभूळ दिसेना. गाडीचा पत्रा न् पत्रा थरथरत होता. बैलं उधळली. तीन बंड्या कापसानं भरलेल्या होत्या, त्यांतली एक थेट त्या धुराच्या तोंडासमोर अडकली होती.

"मनोहरभाऊ! बंद होऊन नाई राहिली!" सुखदेव ओरडत होता. "गिअरबी पडून नाई राहिला!"

मी पुतळ्यासारखा उभा. वीस वर्षांच्या नाटकात एवढं भाषण विसरलो नव्हतो. मग सात वर्षांपूर्वीचा उस्तादांचा आवाज ऐकू आला. असंच एक इंजिन पिसाळलेलं असताना ते शांतपणे विडी विझवत म्हणाले होते, "इसका पेट बंद नहीं होता, तो नाक बंद कर." मी ओतलेलं जास्तीचं तेल हवेबरोबर ओढून इंजिन तेच जाळत होतं. डिझेल तोडून उपयोग नव्हता. हवाच तोडायला हवी होती.

मी गंगूबाईच्या हॉटेलात घुसलो. ती पोळ्या लाटत होती. तिच्या हाताखालचा पोळपाट मी पोळीसकट उचलला.

"मेल्या, माहा पोळपाट!"

बॉनेट उचललं, हवेच्या डब्याची नळी पट्टीसकट उपटली आणि इंजिनाच्या उघड्या नाकावर पोळपाट दाबला. अर्धी लाटलेली पोळी आत गेली. ती बहुतेक भाजूनही निघाली असेल. पोळपाट असा चिकटला की माझी बोटं खाली अडकली. इंजिन दोनदा आचके देऊन गप्प झालं.

त्या शांततेत फक्त बैलांच्या घुंगरांचा आवाज दुरून येत होता. बंडीवाल्यानं कापसावर पाण्याची घागर उपडी केली होती. आग लागली नव्हती. सुखदेव खाली उतरला, गाडीला टेकून उभा राहिला. ओठ पांढरे पडलेले.

शांताबाई माझ्यासमोर आल्या. पदरानं डोळ्यांतला धूर पुसला.

"भाऊ, गाळ काढला होता का?"

भोवती चाळीसएक माणसं जमली होती. माझ्याजवळ सबबी तयार होत्या. डिझेलात भेसळ होती, गाडीच जुनी होती, सुखदेवनं दांडी वेळेवर ओढली नाही. एकाहून एक झकास. त्यांतली कुठलीही मी अशी म्हणून दाखवली असती की टाळ्या पडल्या असत्या. मी बाईंच्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं.

"नाही, बाई. खोटं बोललो. त्याच्यावरच तेल ओतलं."

मग सुखदेव हळूच म्हणाला, "मंग घंटा कायची वाजोली, गा?"

आयुष्यात मला भल्याभल्यांनी शिव्या दिल्या आहेत. त्या एका प्रश्नाइतकी कुठलीच लागली नाही.

बाई म्हणाल्या, "आता दुरुस्त कोण करंल ते सांगा." मी उस्तादांचं नाव घेतलं. "मग तुमी सुखदेवच्या सोबत जा. मला शाळा आहे. मी शनिवारी येते."

बुधवारी पहाटे दुसऱ्या ट्रकला साखळीनं बांधून आम्ही निघालो. अकोला ते अमरावती, ओढत. ओढल्या जाणाऱ्या गाडीत बसणं हे किती अपमानाचं असतं ते ड्रायव्हरलाच कळेल. मूर्तिजापूरपर्यंत सुखदेवची नजर साखळीवर होती. तिथं थांबल्यावर त्यानं शिदोरी सोडली, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली. "घ्या," म्हणाला. "उपाशी मानसाच्या हातून गाडी नाई सुधरत."

रहीम मिस्त्रींनी मला पाहिलं आणि विडी पेटवली. "आइये, आधे घंटे वाले साहब." मी सगळं सांगितलं, पोळीसकट. ते इतके हसले की खोकला लागला. मग गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "कमीज उतार."

तीन दिवस मी पुन्हा शागीर्द होतो. डिझेलमध्ये नट-बोल्ट धूत बसलो. उस्तादांनी इंजिन हातानं फिरवून पाहिलं, मग वरचं झाकण काढलं, मग खालचं. प्रत्येक भाग उजेडात धरून बघायचे. सुखदेव कोपऱ्यात बसून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहायचा. उस्तादांची घाई नसणं मला पूर्वी कंटाळवाणं वाटायचं. आता सोमवार जवळ येत होता तरी मी त्यांना घाई करा म्हणू शकलो नाही. तो हक्क मी मंगळवारी घालवला होता.

शुक्रवारी दुपारी ते सुखदेवला म्हणाले, "बेटा, तेरी गाड़ी बच गई. रिंगा चिपक गए हैं, वो बदलते. बाकी सब ठीक. एक बीड़ी जितना और चलती तो इसकी टांग पेट फाड़ के बाहर आती." आणि माझ्याकडं वळून, "पोलपाट अच्छा मारा."

त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "उस्ताद, खड्डा बुजवून टाकतो. तुमचीच रीत खरी."

मग त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या दुसऱ्या एका ट्रककडं बोट केलं. त्याचं इंजिन फुटलं होतं. "इसको देख. इसका तेल साल भर नहीं बदला. पूछ, क्यों? बोलता है, रहीम मिस्त्री के यहां दो दिन जाते. मेरी नाडी देखने के चक्कर में आधे पेशंट आते ही नहीं. तेरे यहां तेल तो बदलता है ना? खड्डा रख. जो नहीं किया, वो बता दिया कर."

सात वर्षांत उस्तादांनी स्वतःची चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली. मला फार बरं वाटलं, आणि थोडी लाजही.

शनिवारी शांताबाई आल्या. त्यांनी गाडी सुरू करायला लावली, बंद करायला लावली, पुन्हा सुरू करायला लावली. पाच वेळा. सोमवारी सकाळी गाडी जिनाच्या फाटकात होती. मी तिथं आधीच जाऊन लांब उभा राहिलो होतो. मॅनेजरनं गाडीवर एक नजर टाकली आणि फाटक उघडायला सांगितलं. एवढंच. पण गंगूबाईला मी हा प्रसंग सांगितला तेव्हा त्यात सनई-चौघडा होता.

मग मी पाटी बदलली. अर्ध्या तासात काय होतं ते वर लिहिलं. काय होत नाही ते खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. हवेची वाटी धुवायला आणखी वीस मिनिटं, गाडी तेल खात असेल तर मिस्त्रीकडं जा, आवाज बदलला असेल तर आधी मिस्त्रीकडं जा. काही गिऱ्हाइकं तुटली. एक जण म्हणाला, "आपल्याच दुकानाची निंदा पाटीवर लिवणारा मानूस मी पहिल्यांदा पायला." रहीम मिस्त्रींकडं पाठवलेल्या गाड्यांच्या बदल्यात ते मला तेलपाण्याच्या गाड्या पाठवू लागले, आणि बऱ्याच गाड्या वेळेवर तेल बदलू लागल्या. ट्रक जास्त वर्षं जगू लागले, असं मी छाती ठोकून म्हणतो.

म्हणून ज्यांनी मला लग्नात आणि तेरवीत विचारलं त्यांना इथं उत्तर देतो. झटपटवाल्याकडं जरूर जा. तेल वेळेवर बदललं तर निम्मं दुखणं टळतं, आणि तो ते वेळेवर बदलतो. फक्त काम झाल्यावर त्याला "काय केलं?" असं विचारू नका. ते तो गाऊन सांगेल. "काय नाही केलं?" असं विचारा. जो लगेच दोन गोष्टी सांगेल त्याच्याकडं पुन्हा जा. जो "सगळं केलं" म्हणेल त्याचा चहा प्या आणि निघा.

सुखदेव मात्र त्या हंगामात माझ्याकडं आला नाही. रोज कापूस भरून माझ्या खड्ड्यासमोरून जायचा. हॉर्न वाजवत नसे. मी त्याच्या धुराचा रंग बघून घ्यायचो. रंग चांगला होता. तेल कुठं बदलतो हे विचारायची माझी छाती नव्हती.

फाल्गुनात एका दुपारी गाडी आत वळली. सुखदेव खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला आणि मी करतो ते एकेक काम बघत राहिला. वाटी धुवून त्याला दाखवली. त्यानं बोट फिरवून पाहिलं. पैसे ठेवून गेला. पुढच्या खेपेलाही तसंच. बोटही तसंच फिरवलं.

तिसऱ्या खेपेला ऊन कडक होतं. गंगूबाई माहेरी गेली होती, हॉटेल बंद. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सुखदेवनं गाडी खड्ड्यावर लावली, खाली उतरला, डोक्याला रुमाल बांधला.

"मनोहरभाऊ, मी जरा गावात जाऊन येतो. ताईनं भाजी सांगतली हाय. दाढीबी करून घेतो."

"आणि गाडी?"

"हाय ना तुमी," तो म्हणाला आणि निघाला. एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

मी हवेची वाटी काढली. गाळ फार नव्हता, नुसतं तेल पुसून बसवली असती तरी चाललं असतं. बघायला कोणी नव्हतं. मी खाली बसलो, बाह्या वर केल्या आणि ती खरवडायला घेतली.